देवघर लख्ख, पिशवी नदीत

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या आहेत. नवरा, सासरे आणि आठ वर्षांचा मुलगा असं त्यांचं कुटुंब. सासऱ्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. घरात त्यांची टापटीप कडक: बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही, अंघोळीआधी देवघराला हात लावायचा नाही, ओट्यावर पाण्याचा थेंब दिसला तरी फडकं फिरतं. मात्र हेच सासरे दर आठवड्याला निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, गाठ मारून पुलावरून नदीत टाकतात. गाडीतून जाताना वेफर्सचं रिकामं पाकीट काच खाली करून बाहेर जातं. जिना झाडायला येणाऱ्या मावशींना चहा वेगळ्या कपात मिळतो. मध्यंतरी मुलानं चॉकलेटचा कागद गाडीबाहेर फेकला. ताई रागावल्या तर तो म्हणाला, "आजोबा टाकतात की!" नवरा म्हणतो, "या वयात बाबांना काय सांगायचं?" सोसायटीतही वेगळं चित्र नाही. जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावल्या, तर आता लोक टाइल सोडून शेजारी थुंकतात. मागच्या मोकळ्या प्लॉटवर रात्री पिशव्या येऊन पडतात आणि सकाळी त्यांचे फोटो ग्रुपवर. ताई काही वर्षं सिंगापूरला राहून आल्या आहेत. त्या लिहितात, "तिथल्या लोकांच्या रक्तातच शिस्त आहे, आपल्या संस्कृतीतच खोट आहे. अशिक्षितांचं एक वेळ समजू शकते, पण शिकलेल्या माणसाचं काय करायचं? घरात भांडू, सोसायटीत भांडू, की सोडून देऊ?"

प्रिय ताई,

सोडून तर देऊ नकाच. पण भांडायच्या आधी थोडं थांबा, कारण ज्या समजुतीच्या जोरावर तुम्ही भांडायला निघाला आहात, ती मला कच्ची वाटते.

सिंगापूरचंच बोलू. शिस्त रक्तात असती, तर १९६८ मध्ये तिथल्या सरकारला शहर स्वच्छ ठेवायची देशभर मोहीम कशाला काढावी लागली असती? त्या काळी रस्त्यावरचे खाद्यविक्रेते उरलंसुरलं गटारात ओतत, आणि सिंगापूर नदी आपल्या शहरातल्या नद्यांसारखीच वास मारत होती. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं खपून ती साफ केली. विक्रेत्यांना नुसतं हुसकावलं नाही. नळ आणि सांडपाण्याची सोय असलेल्या पक्क्या जागा त्यांना बांधून दिल्या. दंड ठेवला आणि तो खरोखर वसूल केला. एवढं होऊनही त्याच पक्क्या जागांत, म्हणजे तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, जेवणाऱ्यांनी आपला ट्रे आपण उचलून ठेवावा म्हणून २०२१ मध्ये पुन्हा दंडाचा धाक दाखवावा लागला. तुम्ही पाहिलेला लख्ख रस्ता लोकांच्या शिस्तीचा होता, तसाच तो झाडून काढणाऱ्या कामगारांचाही होता.

आणखी मागे गेलात तर हेच दिसेल. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवला, आणि त्यानंतर १८९६ मध्ये न्यूयॉर्कला सार्वजनिक ठिकाणी थुंकायला बंदी घालावी लागली, कारण तिथली माणसं सर्रास थुंकत होती. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स इतकी सडली होती, की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून ठेवले होते. दुर्गंधी स्वतःच्या नाकापर्यंत आली तेव्हा खासदारांनी भराभर गटारांसाठी पैसा मंजूर केला. या माणसांचं रक्त बदललं नाही. आधी सोय झाली, मग नियम आले, आणि नियम पाळला जातो का हे कुणीतरी वर्षानुवर्षं बघत राहिलं. पुढच्या पिढीला ती सवय आयती मिळाली.

हे एवढं सांगितलं, कारण संस्कृतीतच खोट आहे असं एकदा मानलं की करण्यासारखं काही उरत नाही. मग माणूस चिडतो किंवा परदेशाच्या आठवणी काढत बसतो.

आता सासऱ्यांकडे वळू. त्यांच्या लहानपणी पंगत पत्रावळींवर बसायची. वाण्याकडून सामान कागदाच्या पुडीत यायचं, वर दोरा गुंडाळलेला. निर्माल्य म्हणजे फुलं, दूर्वा, बेल, तुळस. ते पाण्यात सोडलं तर चार दिवसांत कुजून जाई. पत्रावळी उकिरड्यावर पडल्या तर उरलंसुरलं गुरं खात आणि बाकीचं खत होऊन शेतात जाई. टाकलेलं जिरत होतं, म्हणून टाकण्यात वावगं काही नव्हतं. हाताची सवय तीच राहिली, हातातली वस्तू बदलली. वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. ते कुजत नाही आणि सहसा भंगारवालाही घेत नाही. गाठ मारलेल्या पिशवीतली फुलं पाण्यात मिसळतच नाहीत, आतल्या आत सडतात. म्हणजे ज्या श्रद्धेनं निर्माल्य नदीत सोडायचं, तीही त्या पिशवीनं पुरी होत नाही.

त्यामुळे "बाबा, तुम्ही घाण करता" असं म्हणालात, तर जन्मभर टापटिपीत राहिलेल्या त्या माणसाला ते साफ खोटं वाटणार. त्यांच्या मनात ते वाईट काही करतच नाहीत.

पण हे कारण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं तुम्ही पत्रात जाता जाता एका ओळीत लिहिलंय, वेगळ्या कपाचं. माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे.

१९०१ च्या कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनातला एक प्रसंग गांधीजींनी लिहून ठेवला आहे. तिथे काही प्रतिनिधींचा स्वयंपाक कुडाच्या आडोशाआड होत होता, कारण परक्याची नजर पडली तरी अन्न विटाळेल असं ते मानत. त्याच छावणीतले संडास भरून वाहत होते. गांधीजींनी स्वयंसेवकांना सांगितलं, तर उत्तर आलं की ते आमचं काम नाही, भंग्याचं आहे. शेवटी त्यांनी झाडू मागून घेतला आणि स्वतः साफ केलं. स्वयंपाकाच्या बाबतीत इतकी काटेकोर असलेली माणसं संडासाच्या घाणीकडे डोळेझाक कशी करू शकली? कारण एकच. आपली शुद्धता जपणं हे आपलं काम आणि आपली घाण उचलणं दुसऱ्या कुणाचं, ही वाटणी जन्मावरून ठरलेली होती. ती आजही मोडलेली नाही. हातानं मैला साफ करून घेण्याला १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी गटारात उतरून माणसं मरतात आणि ती बहुतेक दलितच असतात.

तुमचे सासरे हे सगळं मनात आणून पाकीट फेकत नाहीत, हे मला कळतं. पण काच खाली करताना "उचलेल कुणीतरी" हे गृहीत असतं, आणि ते कुणीतरी कोण हे आपल्याकडे फार जुनं ठरलेलं आहे. तेच कुणीतरी सकाळी तुमचा जिना झाडतं आणि वेगळ्या कपात चहा पितं. सासऱ्यांना स्वच्छता शिकवायची गरजच नाही, ती त्यांच्याकडे भरपूर आहे. उंबऱ्याबाहेर तिचा भार कोण वाहतं, हे माणूस म्हणून त्यांच्या नजरेला पडायला हवं.

"अशिक्षितांचं समजू शकते" हे तुमचं वाक्यही मला खटकलं, ते बोलूनच टाकते. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून आहे, आणि तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. त्यात बहुतेक बायका आहेत, बहुतेक दलित समाजातल्या, आणि अनेकींनी शाळा पाहिलेली नाही. शिकलेल्या घरांनी एकत्र कोंबलेल्या ओल्या-सुक्यातून प्लॅस्टिक, कागद, काच त्या निवडून काढतात. ज्याच्या घरी नळ नाही, वस्तीत धड चालणारा संडास नाही, त्याच्या अस्वच्छतेविषयी बोलण्याआधी त्याची सोय पाहावी. तुमच्या-माझ्या घरी सगळी सोय आहे, म्हणून आपली जबाबदारी जास्त.

आता करायचं काय?

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे. कीर्तन रात्री. आणि कीर्तनातही ते समोरच्या माणसांना साधेसाधे प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. २०००-०१ पासून राज्य सरकारनं ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावानं चालवलं, त्याचं कारण ही पद्धत आहे. आधी हात, मग प्रश्न, उपदेश जमेल तितका कमी. तुमच्या घरासाठी मला हाच क्रम योग्य वाटतो.

निर्माल्यापासून सुरू करा, कारण तिथे सासऱ्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता बदल होऊ शकतो. त्यांना विचारा, "बाबा, तुमच्या लहानपणी निर्माल्याचं काय करायचे?" आणि मनापासून ऐका. बहुधा झाडाच्या बुंध्याशी टाकायचे, विहिरीजवळच्या खड्ड्यात टाकायचे, असंच काही निघेल. मग सुचवा की आपणही तसंच करू, गॅलरीत. तळाला आणि कडेला भोकं पाडलेली एक बादली किंवा जुनी कुंडी घ्या. खाली नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेला पाला, वर निर्माल्य, त्यावर पुन्हा पाल्याचा थर. अधूनमधून आंबट ताकाचा हबका मारा. घाण वास आला तर ओल जास्त झाली असं समजून कोरडा पाला वाढवा. हारातला दोरा, जरी, थर्माकोल, कापराचं पाकीट आधी काढून घ्या. दोन-अडीच महिन्यांत जे खत होईल ते तुळशीला आणि जास्वंदीला घाला. देवाचं फूल पुन्हा देवाच्या फुलझाडाला मिळतं, हे सासऱ्यांना तुम्ही सांगायची गरज पडणार नाही. गॅलरी नसेल तर नदीकाठी बऱ्याच पालिका निर्माल्य कलश ठेवतात, तिथे फुलं ओतावीत आणि रिकामी पिशवी घरी आणावी. जीर्ण तसबिरी आणि भंगलेल्या मूर्तींचा प्रश्न वेगळा आहे. त्या ना बादलीत जातात ना नदीत जाव्यात. फ्रेम उघडून काच, लाकूड, कागद वेगळे करून सुक्या कचऱ्यात द्यायला पुष्कळांचं मन धजत नाही. ते मन मोडू नका, पालिका किंवा एखादं मंडळ त्या गोळा करत असेल तेव्हापर्यंत जपून ठेवा.

गाडीतलं काम सोपं आहे. पुढच्या सीटमागे एक कापडी पिशवी अडकवा. पाकीट रिकामं होताना दिसलं की हात पुढे करा आणि म्हणा, "बाबा, इकडे द्या." बस्स. कारण नको आणि चेहऱ्यावर नाराजीही नको. मागच्यानं हात पुढे केला की त्या हातावर वस्तू ठेवणं हे काच खाली करण्यापेक्षा सोपं असतं. काही वेळा ते विसरतील, टाकतील. तेव्हा गप्प राहा.

मुलाच्या बाबतीत मात्र गप्प राहू नका. त्याला नियम स्पष्ट सांगा की आपल्या गाडीतून काहीही बाहेर जात नाही. "आजोबा टाकतात" यावर "आजोबा चुकतात" हे उत्तर देऊ नका, आणि त्याला आजोबांवर पाळत ठेवायला तर मुळीच लावू नका. त्याला पत्रावळीची गोष्ट सांगा. आजोबा लहान होते तेव्हा कागद-पानं मातीत मिसळायची, आताचं पाकीट मिसळत नाही, हे आठ वर्षांच्या मुलाला नीट कळतं. त्याहून चांगलं म्हणजे ती गोष्ट आजोबांनाच सांगू द्या. बादलीत पाला टाकायचं काम त्या दोघांकडे सोपवा.

कपाचं काय? तो निर्णय सासऱ्यांच्या परवानगीवर ठेवू नका, असं माझं ठाम मत आहे. घर तुमचंही आहे. मावशींना उद्यापासून घरातल्याच कपात चहा द्या, तुमचाही कप घेऊन शेजारी बसा आणि त्यांना नावानं हाक मारा. याची घोषणा करू नका, पण सासऱ्यांनी विचारलं तर उत्तर सरळ द्या की या घरात आता एकच कप. इतर बाबतींत मी तुम्हाला सबुरी सांगते आहे, इथे नाही. कुणाच्या तरी सवयीसाठी दुसऱ्या माणसानं रोज अपमान गिळत राहावा, हे मला पटत नाही.

त्याच ओघात घरचा कचराही बघा. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा द्यावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांतच सांगितलं होतं. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर तसं लिहा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत पुण्यातल्या कचरावेचक बायकांनीच सुचवली, कारण ते पुडकं उघडायची वेळ त्यांच्या हातांवर येते. पॅडचं बोलायला सासऱ्यांसमोर संकोच वाटेल, म्हणून ते काम नवऱ्यानं शिकून घ्यावं.

सोसायटीत तुम्ही एकट्यानं भांडू नका. देवाच्या टाइल्स काढून टाकायचा ठराव मात्र जरूर मांडा. थुंकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की देव असेल तिथे थुंकायचं नाही, म्हणजे बाकी भिंत मोकळी. आणि देवांना पहारेकरी करून जिन्यात बसवणं ही मला त्या देवांची अवहेलनाच वाटते. त्यापेक्षा कोपरा रंगवा, दिवा लावा आणि डाग पडला की त्याच दिवशी पुसून घ्या. यात तथ्य आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात एका गल्लीत सायकलींच्या हँडलला जाहिरातीची चिठ्ठी अडकवून एक प्रयोग केला होता, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी चिठ्ठी खाली टाकली किंवा दुसऱ्याच्या सायकलला अडकवली. भिंतीवर रेघोट्या मारल्या तेव्हा तेच ६९ टक्क्यांनी केलं. गल्ली तीच, शहर तेच. तुमच्या प्लॉटचंही असंच आहे. पहिली पिशवी पडते आणि बाकीच्यांना परवाना मिळतो. आधी रात्री पिशवी टाकणाऱ्यांची अडचण काय ते बघा. घंटागाडी येते त्या वेळी ते कामावर असतात का? तसं असेल तर सोसायटीनं सकाळी लवकर किंवा रात्री कचरा ठेवायला झाकणाच्या बादल्या द्याव्यात, मग प्लॉट एकदा पूर्ण साफ करावा आणि पुढचे काही आठवडे तिथे एकही पिशवी दुसऱ्या सकाळपर्यंत राहू देऊ नये. सोय न करता नुसते ग्रुपवर फोटो टाकले, तर ज्याचा फोटो आला तो चिडतो आणि पिशवी दुसऱ्या प्लॉटवर जाते. सोय झाल्यावरही जो टाकेल त्याला दंड करा, खुशाल करा.

शेवटी तुमचे यजमान. "या वयात काय सांगायचं" म्हणताना ते सांगायचं काम अलगद तुमच्यावर ढकलतात, आणि सुनेनं सांगितलं की त्याचं भांडण व्हायला वेळ लागत नाही. वडिलांशी बोलायचं काम मुलाचं आहे. हे उत्तर त्यांना वाचायला द्या. ते कदाचित म्हणतील की बाबा दुखावतील. दुखावतील, थोडे. पण मुलानं शांतपणे, नातवासमोर नव्हे, "बाबा, पिशवी पुलावरून टाकायची नाही असं मी ठरवलंय, निर्माल्य मी बघतो," असं म्हटलं, तर पुष्कळ वडील थोडी कुरकुर करून सोडून देतात. नाही सोडलं, पुन्हा पिशवी भरून निघाले, तर दारात अडवू नका. पुढच्या वेळी देवघर आवरलं जाताच ताम्हनातली फुलं नवऱ्यानं उचलून बादलीत टाकावीत, म्हणजे पिशवीत भरायला काही उरणारच नाही. आणि पहिले काही आठवडे ती बादली तुम्ही सांभाळायची नाही, त्यांनी सांभाळायची.